गार पाण्यातल्या बिंबिका

हर्षदानं बोट पुढे केलं, यंत्रानं थेंबभर रक्त घेतलं, आणि आगाराचं फाटक काही उघडलं नाही.

कार्तिकातली पहाट होती. मागे पाचुंदे–वरंडोली ही दिवसाची पहिली गाडी दिवे लावून उभी होती. आत कॉलेजची मुलं खिडकीला डोकं टेकून पेंगत होती, भाजीवाल्या बायका पाट्या पायांत घेऊन बसल्या होत्या. फाटकाच्या खांबावर मसाल्याच्या डब्याएवढं ते यंत्र दिवाळीतच बसवलं होतं, चालू मात्र आजच झालं होतं. चालकानं त्यात बोट घालायचं, हिरवा दिवा लागला की फाटक उघडायचं. हर्षदाला लाल लागला.

"पुसून परत लावा, ताई," कंडक्टर इलाही मुजावर दारातून वाकून म्हणाला. "नवं यंत्र आहे, लाजत असंल."

हर्षदानं पदराला बोट पुसून पुन्हा घातलं. पुन्हा लाल.

"आता लाजत नाही हो मुजावरभाई, रुसलंय," ती हसून म्हणाली. दुसऱ्या हाताचं बोट घातलं. दिवा लालच, आणि खाली अक्षरं उमटली : गुठळीचा तीव्र धोका. वाहन चालवण्यास मनाई.

मुजावरचं हसू ओठांतच राहिलं. गाडीतल्या भाजीवालीनं काच सरकवून विचारलं, "काय गं हर्षदा, निघायचं का न्हाई? ऊन व्हायच्या आत बाजार गाठायचाय." वरंडोलीच्या डोंगरातला तो रस्ता तिनं इतकी वर्षं चालवला होता, की कुठल्या वळणावर वारा गाडीला ढकलतो नि कुठं धुकं आधी उतरतं, हे तिच्या मनगटांना ठाऊक होतं. ती बाजूला झाली. दुसरा चालक आला, त्यानं बोट घातलं, हिरवा दिवा लागला आणि तिची गाडी तिच्यावाचून डोंगराकडे निघून गेली.

आता हे यंत्र काय पाहत होतं, ते नीट सांगायला हवं.

आपल्या रक्तात तांबड्या नि पांढऱ्या पेशींबरोबर अगदी बारीक, चकत्यांसारखे कण फिरत असतात. त्यांना बिंबिका म्हणतात, दवाखान्यात सगळे प्लेटलेट म्हणतात. विळीवर बोट कापलं की या बिंबिका धावत येतात, एकमेकींना चिकटतात आणि फुटलेल्या जागी बूच बसवतात. त्या नसत्या, तर माणूस भाजी चिरतानासुद्धा जिवानिशी गेला असता. पण हीच मिठी त्यांनी नको तिथं, धड शाबूत रक्तवाहिनीत मारली, तर तिथं गुठळी होते. ती हृदयात अडकली की झटका, मेंदूत अडकली की पक्षाघात. ज्यांचा रक्तदाब वाढलेला असतो, त्यांच्या वाहिन्यांच्या भिंती सततच्या माऱ्यानं आतून खरबरीत झालेल्या असतात. तिथं चिकटायला बिंबिकांना निमित्तच हवं असतं.

आणि सगळ्यांच्या बिंबिका सारख्या नसतात. कुणाच्या लहान आणि शांत, कुणाच्या मोठ्या आणि चिकट. नाकाची ठेवण जशी आईबापांकडून येते, तसंच हेही बरंचसं जनुकांतून येतं. यंत्र थेंबभर रक्तातून दोन गोष्टी वाचायचं : जनुकांत काय लिहिलंय आणि या घडीला बिंबिका केवढ्या नि किती चिकट आहेत. त्यात रक्तदाब मिळवायचं आणि निकाल द्यायचं. यंत्र वाईट नव्हतं. आदल्या वर्षी सह्यगिरी परिवहनच्या एका चालकाला चालत्या गाडीत झटका आला होता, गाडी कठड्याला अडकली म्हणून माणसं वाचली. तेव्हापासून ही यंत्रं बसली आणि खालच्या एका आगारात तर एका चालकाला त्यानं वेळेवर दवाखान्यात धाडलंही.

म्हणून हर्षदाला यंत्रावर रागावताही येईना. रक्तदाबाची गोळी तिला काही वर्षांपासून होतीच.

आगारप्रमुख बर्गे भला माणूस. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. "मांढरेबाई, माझ्या हातात नाही हो. माघात फेरतपासणी होईल. तेव्हा हिरवा आला तर चाक तुमचंच. लाल आला तर आरोग्य मंडळापुढे सुनावणी, आणि मग..." त्यानं पुढचं चहाबरोबर गिळलं. "तोवर चौकशीच्या खिडकीत बसा."

खिडकीत बसायचं म्हणजे भोंग्यावर गाड्या पुकारायच्या. "पाचुंदेहून वरंडोलीकडे जाणारी गाडी फलाट दोनवर लागत आहे," असं तिला रोज सकाळी स्वतःच्या तोंडानं सांगावं लागे.

घरी तिचा नवरा धैर्यशील मात्र मनातून सुटल्यासारखा झाला होता, आणि ते त्याला लपवता येत नव्हतं. त्याचे वडील जेवता जेवता ताटावर कलंडले होते. तेव्हा तो विशीत होता, त्यानंच त्यांना उचललं होतं. यंत्राचा निकाल कळल्यापासून तो हर्षदाच्या हातातली बादली काढून घेई, ती जिना चढू लागली की मागे उभा राही.

"मी काय लोणच्याची बरणी आहे का?" एकदा ती वैतागून म्हणाली.

"बरणी असलीस तरी एकच आहेस घरात," तो म्हणाला. "फुटली तर दुसरी कुठनं आणू?"

तिनं बादली सोडली. पण रोज थोडं थोडं काही सोडत गेल्यावर माणसाजवळ उरतं काय, हा विचार तिला कुरतडू लागला. गावातलेही आणखी काही चालक लाल निघाले होते, सगळे पाचुंद्याचेच. इतर आगारांत गावाची थट्टा होऊ लागली. शेजारच्या माळ्यांच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न तर पाहुण्यांनी "आधी रक्त तपासू" म्हणून लांबणीवर टाकलं.

हर्षदाची सासू सिंधूबाई. हर्षदा तिला आत्याबाई म्हणायची. गावातल्या स्नानाच्या बायकांची ती म्होरकी. कार्तिक आणि माघ असे दोन्ही महिने, उजाडायच्या आत कृष्णेवर जाऊन बुडी मारायची, ओलेत्यानं देवीला पाणी घालायचं, मग तोंडात काही घालायचं. हर्षदा लग्न होऊन आली तेव्हापासून कार्तिक करायची. माघ तिला कामामुळं जमत नसे.

"या वर्षी माघही धर," आत्याबाई म्हणाल्या. "सगळा महिना, एक दिवस न चुकवता. कृष्णामाईला सांग, दिवा हिरवा कर म्हणून. माई कुणाला रिकाम्या हातानं धाडत नाही."

हर्षदानं माघ धरला. काय ते पाणी! पायरीवर पाऊल ठेवलं की बोटं बधिर व्हायची, दुसऱ्या बुडीला कानांत घुमायला लागायचं. पण ती चुकली नाही. ओलं कपाळ पायरीला टेकून ती एकच मागणं मागे. फेरतपासणीच्या दिवशी तर तिनं बाकीच्यांहून दोन बुड्या जास्त मारल्या आणि तशीच, उपाशीपोटी, ओल्या केसांनी आगारात गेली. तपासणी उपाशीपोटीच करायची असते, आणि पारोशा अंगानं तर इतक्या मोठ्या कामाला कुणी जात नाही.

दिवा लाल लागला. आकडा तर कार्तिकापेक्षाही वर गेला होता.

बर्गेनं मान खाली घातली. मुजावर तिथंच होता. तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. सुनावणी माघी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात ठरली. तिथं मनाई कायमची होणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशीही हर्षदा नदीवर गेली. मागायला मात्र तिच्याजवळ काही नव्हतं. "माई, माझं कुठं चुकलं तेवढं सांग," इतकंच ती म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी गावात एक मोटार आली. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतली डॉ. शर्वरी टिल्लू नावाची तरुण मुलगी तिच्यातून उतरली. एकाच गावात इतके लाल दिवे का, हे शोधायला ती आली होती.

"टिल्लू?" देवळाच्या सभामंडपात सतरंजी अंथरता अंथरता आत्याबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग टिल्लू पंपासारखी विहिरीवर बसवायची का काय तुला?"

"नाही आजी, मी पाणी नाही, रक्त ओढते," ती मुलगी शांतपणे म्हणाली.

आत्याबाईंना ती तिथल्या तिथं आवडली.

शर्वरीनं दुपारभर सगळ्यांचं रक्त घेतलं. जनुकाच्या एका जागी पाचुंद्याच्या पुष्कळ लोकांत एक वेगळं रूप होतं, पिढ्यान्‌पिढ्या मामाच्या घरात सोयरिकी करत आलेल्या गावात ते घराघरांत उतरलं होतं. ते तिला अपेक्षितच होतं. पण हर्षदाची पाळी आली आणि तिचं यंत्र हिरवं झालं.

"हिरवा? ताई, हिरवा आला?" हर्षदा म्हणाली.

"थांबा. एवढ्यात आनंद नका करू." शर्वरीनं यंत्र बदललं, दुसऱ्या हाताचं रक्त घेतलं. पुन्हा हिरवा. मग तिनं लाल ठरलेल्या बाकीच्या चालकांना बोलावलं. एकूण एक हिरवे. ती कपाळाला हात लावून बसली. "तुमच्या आगाराचं यंत्र मी आल्या आल्या तपासलंय, ते चोख आहे. हेही चोख आहे. मग दोन्ही खरं बोलतायत. म्हणजे पहाटे तुमचं रक्त वेगळं असतं नि दुपारी वेगळं. पहाटे उठल्यावर तुम्ही काय काय करता? सगळं सांगा, अगदी बारीकसारीक."

"काय करणार? उठते, नदीवर जाते, बुड्या मारते, देवीला पाणी घालते नि आगारात जाते."

"हे बाकीचे चालकही?"

"त्यांच्या घरात कोण राहू देतं बिनस्नानाचं!" आत्याबाई म्हणाल्या. "कार्तिक-माघात माझा लेक सोडला तर अख्खा गाव नदीवर असतो."

"पाणी किती गार असतं?"

"हात आपले वाटत नाहीत," हर्षदा म्हणाली.

शर्वरी उठून उभी राहिली, सभामंडपात दोन येरझारा घातल्या आणि पुन्हा सतरंजीवर येऊन मांडी घालून बसली. मग तिनं समजावून सांगितलं ते असं. गार पाणी अंगावर आलं की कातडीखालच्या वाहिन्या आवळतात आणि रक्तदाब एकदम चढतो. शरीराला वाटतं, संकट आलं. मग ते आपली राखीव फौज बाहेर काढतं. बरगडीखाली डाव्या बाजूला प्लीहा नावाचा अवयव असतो, पुष्कळ बिंबिका तिथं विसाव्याला असतात, आणि त्यांतही मोठ्या नि जास्त चिकट असतात त्या. गारठ्यानं प्लीहा त्या रक्तात सोडते. हे सगळ्यांतच थोडंफार होतं. "पण मला वाटतं, तुमच्या गावात जे रूप आहे ते असलेल्यांत हे खूप जास्त होतं. आणि त्यात रक्तदाब असेल तर फारच. थोडा वेळच. मग बिंबिका परत जागेवर जातात."

"मग हे यंत्राला कळलं नाही?"

"यंत्र बनवणारे धरून चालले होते की बिंबिकांचा आकार म्हणजे माणसाची उंची. सकाळी मोजा, संध्याकाळी मोजा, तीच. मीही तसंच धरलं होतं. आमच्या प्रयोगशाळेत कुणी नदीतून ओलेत्यानं येत नाही ना."

हर्षदा सतरंजीच्या काठाशी चाळा करत राहिली. मग हळू म्हणाली, "म्हणजे हिरव्या दिव्यासाठी मी बुडी मारत होते, आणि त्या बुडीनंच तो लाल होत होता."

आत्याबाई उठल्या आणि एकट्याच घरी निघून गेल्या. संध्याकाळी त्यांनी पान वाढून घेतलं नाही.

नुसत्या तर्कानं मंडळ ऐकणार नव्हतं. शर्वरीला पुरावा हवा होता. एके पहाटे गावातल्या निम्म्या बायकांनी नेहमीसारखं नदीत स्नान करायचं, निम्म्यांनी ऊन पाण्यानं. दोन्हीकडं ते रूप असलेल्याही हव्या, नसलेल्याही, रक्तदाब असलेल्याही, नसलेल्याही. सगळ्यांच्या दंडावर रक्त सतत वाचणारी पट्टी. "आणि हर्षदाताई," ती म्हणाली, "सुनावणी तुमची आहे. तुमचा आलेख असेल तर मंडळाला तोंड फिरवता येणार नाही. पण मी तुम्हाला 'करा' म्हणणार नाही. माझं खरं असेल तर त्या थोड्या वेळात धोका खराच असतो. लहान, पण खरा. हृदयाचे डॉक्टर नि रुग्णवाहिका काठावर असतील. तरीही निर्णय तुमचा."

धैर्यशील उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. शर्वरी गेल्यावर तो म्हणाला, "नाही. विषय संपला."

"अहो, ऐका तरी."

"काय ऐकू? ते चाक सोडलं तर काय बिघडतं? घरात काही कमी आहे? मी बाबांना उचललंय, हर्षदा. अजून ते वजन हातांत आहे माझ्या."

ती त्याच्या जवळ जाऊन बसली. "तुमचं वजन मला कळतं. माझंही ऐका. डोंगरातल्या वस्त्यांवरच्या पोरी रस्त्याला येऊन उभ्या राहतात नि गाडी बघून हात हलवतात. का? तर बाई चालवते म्हणून. त्यातल्या एकीनं मला विचारलं होतं, मला येईल का हो? मी म्हटलं, येईल. आता मी खिडकीत बसून भोंग्यावर ओरडते, तेव्हा ती काय समजत असेल? मी एकटीच घरी बसलेली नाही, तिलाही बसवलंय."

तो उठू लागला.

"आणि एक सांगा," ती म्हणाली, "माघ लागल्यापासून मी त्याच पाण्यात उतरत होते, अंधारात, डॉक्टरावाचून. तेव्हा तुम्ही गोधडीत होता. तेव्हा भ्यायला हवं होतं ते भ्याला नाहीत. आता काठावर डॉक्टर असणार, तर भिता?"

धैर्यशीलनं आपल्या तळहातांकडं पाहिलं. "मीही उतरणार," शेवटी तो म्हणाला. "तुझ्या शेजारी."

"तुम्हाला तर हिवाळ्यात तोंड धुवायला ऊन पाणी लागतं."

"ते माझं मी बघीन."

खरी अडचण वेगळीच निघाली. गार पाण्यात उतरायला बायका रांगेनं तयार होत्या. ऊन पाण्याला एकही तयार होईना. माघाच्या मध्यात व्रत मोडायचं? ज्यांच्या घरी नवस होते त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जबरदस्ती करणं शर्वरीच्या स्वभावात नव्हतं आणि शास्त्रातही बसत नव्हतं.

तेव्हा आत्याबाई सभामंडपाच्या दारात आल्या. दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. देवीसमोर हात जोडून त्या वळल्या.

"मी दोन दिवस माईलाच विचारत होते," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेला मीच पाण्यात घातली. माझी भक्ती खोटी झाली का? मग आठवलं. माझी सासू तापानं फणफणली होती, तेव्हा कृष्णेचं पाणी हंड्यात तापवून तिला चार तांबे घातले होते, आणि तिचं व्रत मोडलं असं कुणी म्हणालं नाही. पाणी कुणाचं? माईचंच ना? चुलीवर ठेवलं म्हणून काय ती माई राहत नाही? आपण देवीचा नैवेद्य कच्चा दाखवतो का? शिजवूनच दाखवतो." त्या थांबल्या. "मलाही रक्तदाब आहे, त्या पोरीनं सांगितलं की ते रूपही आहे. इतक्या वर्षांत मी एकदाही गार बुडी चुकवली नाही. ऊन पाण्याची पहिली मी. कोण कोण येतंय माझ्याबरोबर?"

एक हात वर झाला. मग दुसरा. मग शर्वरीला हवे होते त्याहून जास्त.

ती पहाट पाचुंद्यात अजून कुणी विसरलेलं नाही. नदीच्या पायऱ्यांवर एकीकडं चुलाणं पेटलेली, तांब्याच्या हंड्यांतून वाफा निघतायत. दुसरीकडं काळंभोर गार पाणी. सगळ्यांच्या दंडांवर पट्ट्यांचे दिवे हिरवे. मुजावर आपल्या बायकोला नि दोन मेहुण्यांना घेऊन आला होता. "आमचं रक्त तपासा की डॉक्टर, शेजारधर्म म्हणून," तो म्हणाला.

हर्षदा पायरी उतरली. धैर्यशील पंचा आवळून तिच्याबरोबर उतरला आणि पहिल्याच बुडीला असा काही ओरडला की बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. हर्षदानं डोळे मिटले आणि तीन बुड्या मारल्या.

ती वर आली तेव्हा तिच्या दंडावरचा दिवा पिवळा होता. देवीला पाणी घालेस्तोवर तो लाल झाला. शर्वरीच्या पडद्यावर रेघ डोंगरासारखी चढत होती. हर्षदाच्या शेजारी उतरलेल्या, तेच रूप नि रक्तदाब असलेल्या बायकांचे दिवे एकामागून एक लाल होत गेले. ज्यांच्यात ते रूप नव्हतं, त्यांचे जेमतेम पिवळसर होऊन थांबले. धैर्यशीलचा हिरवाच होता. तो स्वतःकडं बघतच नव्हता. त्यानं हर्षदाला दोन शालींत गुंडाळून पायरीवर बसवलं होतं आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला होता. हृदयाचे डॉक्टर दोन पावलांवर उभे.

"छातीत काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"डोकं?"

"यांच्या ओरडण्यानं दुखतंय थोडं."

पलीकडून आत्याबाईंनी हाक दिली, "अगं, हिकडं बघा!" ऊन पाण्यानं न्हालेली ती अख्खी रांग ओल्या लुगड्यांनी उभी होती, आणि दंडादंडावर हिरवे दिवे. आत्याबाईंचाही हिरवा.

मग वाट पाहणं. ऊन देवळाच्या शिखरावरून पायऱ्यांवर उतरलं. अंगातली थरथर थांबली. हर्षदाच्या पट्टीचा लाल रंग जरा निवल्यासारखा वाटला, मग पिवळा झाला, बराच वेळ पिवळाच राहिला. आणि एकदम, काही गाजावाजा न करता, तो हिरवा झाला.

शर्वरीनं पडदा सगळ्यांकडं फिरवला. चढलेली रेघ दुसऱ्या बाजूनं उतरून जिथनं निघाली होती तिथं येऊन टेकली होती. "बघा," ती म्हणाली. आत्याबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मुजावरनं हलगी कुठून पैदा केली ते आजही कळलेलं नाही.

सुनावणीत मंडळाच्या अध्यक्षबाईंनी आलेख दोनदा पाहिला. "म्हणजे पहाटे यंत्रानं सांगितलं ते खोटं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं," हर्षदा उभी राहून म्हणाली. "त्या वेळी मी गाडी चालवली असती तर धोका होताच. यंत्रानं त्या पहाटेचं खरं सांगितलं. तुम्ही ते माझ्या जन्माचं धरलंत. मी ऊन पाण्यानं न्हाईन, रोज बोट देईन, आणि ज्या दिवशी लाल लागेल त्या दिवशी आपणहून उतरेन. पण कायमची नाही उतरणार."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. त्या दिवशी नियम बदलला. एका लाल दिव्यानं कुणाचं काम कायमचं जाणार नाही. आधी अंग उबेत, शांत बसवून फेरतपासणी. पाचुंद्याचे सगळे चालक परत कामावर घेतले गेले.

गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. शर्वरीनं मग डोंगराळ, थंड मुलखांतल्या रक्तदाबाच्या रुग्णांत तेच रूप शोधलं, आणि ते जागोजाग सापडलं. हिवाळ्याच्या सकाळी झटका येऊन जाणाऱ्या कितीतरी माणसांचं कोडं त्यात होतं. त्यांना जन्मभर रक्त पातळ करायची गोळी देऊन दुसरेच धोके ओढवून घ्यायची गरज नव्हती. थंडीच्या दिवसांत पहाटे अंगाला ऊब आणि गरजेपुरता अल्पकाळ टिकणारा औषधाचा एक डोस, एवढ्यानं भागत होतं. दोनच हिवाळ्यांत त्या मुलखांतल्या दवाखान्यांना फरक दिसला. त्या रूपाला जगभर 'पाचुंदे रूप' म्हणू लागले. माळ्यांच्या मुलीचं लग्न तर सुनावणीनंतरच्याच वैशाखात, वाजतगाजत झालं. पाहुण्यांनी गावाची आठवण म्हणून नदीच्या पायऱ्यांवर फोटो काढून घेतले.

हर्षदा पुन्हा चाकावर बसली तो दिवस सुनावणीनंतरच्या फाल्गुनातला. फाटक उघडलं. गाडी बाहेर काढता काढता तिला आरशात दिसलं, की पहिल्या बाकावर धैर्यशील बसलाय, समोरची दांडी घट्ट धरून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण डोंगरातल्या रस्त्याला तो तिच्या गाडीत कधी बसला नव्हता.

"तिकीट काढलंत का?" तिनं विचारलं.

"काढलंय," मुजावर मागून म्हणाला. "चालकाच्या नवऱ्याला सवलत मागत होते. म्हटलं, अशी सवलत अजून निघालेली न्हाई."

वस्त्यांवरच्या मुली रस्त्याला आल्या होत्या. त्यांनी गाडी ओळखली, चाकावरची बाई ओळखली आणि दप्तरं हवेत फेकली. हर्षदानं कर्णा दाबला, तो डोंगरात घुमत गेला. भैरोबाच्या वळणावर रस्ता दरीच्या अगदी कडेनं जातो. तिथं धैर्यशीलनं डोळे मिटून घेतले.

"अहो, डोळे उघडा," समोरून नजर न काढता ती म्हणाली. "इथनं आपलं गाव दिसतं."

त्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा. खाली कृष्णेचं पात्र उन्हात चमकत होतं, पायऱ्या, देऊळ, सगळं मुठीएवढं. तो बघतच राहिला. दांडीवरची त्याची बोटं एकेक करून सैल झाली.

"अजून किती वर जायचंय?" त्यानं विचारलं.

"पार शेवटापर्यंत," हर्षदा म्हणाली, आणि तिनं चाक वळवलं.